वर किती द्यायचे, ते आधी ठरवा

आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला तीन बेडरूमच्या सेमी-डिटॅच्ड घरात राहतो. शहराच्या कडेला होणाऱ्या नव्या वसाहतीतलं चार बेडरूमचं डिटॅच्ड घर आवडलंय. किंमत ४ लाख ८५ हजार पौंड. बिल्डर आमचं घर पार्ट-एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नव्या घराच्या किमतीत धरून, घ्यायला तयार आहे, पण ३ लाख २२ हजारांना. आम्ही बोलावलेल्या दोन इस्टेट एजंटनी ३ लाख ४५ आणि ३ लाख ५० हजार सांगितले होते. म्हणजे पंचवीसेक हजारांचं सरळ नुकसान! वर फ्लोअरिंग फुकट आणि स्टँप ड्युटीसाठी ५ हजार देतो म्हणतात. ऑफर रविवारपर्यंतच आहे. नवरा म्हणतो, घेऊन टाकू. गेल्या वर्षी चेन, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या घरविक्रींची साखळी, तुटून आमचा एक व्यवहार फिसकटला, तो मनस्ताप पुन्हा नको. मला मात्र आपण फसतोय असं वाटतं. त्या फेजमध्ये पूर्वेला दार असलेलं हे एकच घर आहे आणि सासूबाईंचा तसा आग्रह आहे. मुलगी पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सेकंडरीत जाईल. शिवाय कोथरूडला आमच्या दोघांच्या नावावर फ्लॅट असल्यामुळे इथे जादा स्टँप ड्युटी लागेल, असं एका मित्राने घाबरवून ठेवलंय. एवढ्या मोठ्या कंपनीशी घासाघीस करता येते का? इथे तसं करतात का?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

प्रिय मैत्रीण,

करता येते, आणि इथले लोकही करतात. आवाज न चढवता, ईमेलवर, आकडे मांडून करतात, एवढंच. मोठ्या कंपनीला तुमच्या प्रश्नाचा राग येत नाही. तुमच्यासारखी विचारणा तिच्याकडे रोज होत असते. त्यामुळे संकोच सोडा. मात्र ‘पंचवीस हजारांचं नुकसान’ हा आकडा आधी डोक्यातून काढा. तो खरा नाही, आणि तो धरून बोलायला बसलात तर भलत्याच ठिकाणी भांडाल.

जुन्या पाटल्या मोडून नवा दागिना करताना आपल्या आज्या काय करायच्या? सोनार मोडीचा भाव चांगला देतो की कमी, यावर त्या भुलत नसत. मोडीत दिलेलं तो घडणावळीत काढून घेतो, हे त्यांना ठाऊक असे. त्या एकच विचारत: वर किती द्यायचे? पार्ट-एक्स्चेंजमध्येही बघायचा आकडा हाच. आज तुमची वरची रक्कम आहे ४,८५,००० उणे ३,२२,०००, म्हणजे १ लाख ६३ हजार पौंड. जुन्या घराला जास्त मिळाले की नव्याची किंमत उतरली, हा पुढचा प्रश्न. आधी ही वरची रक्कम किती खाली येते ते बघायचं.

आता खरं नुकसान किती, ते मोजू. एजंट ३ लाख ५० हजार म्हणतो तेव्हा त्याला तुमचं काम मिळवायचं असतं. सुरुवातीला आकडा चढा सांगायचा आणि सहा आठवड्यांनी ‘जरा खाली यावं लागेल’ म्हणायचं, हे सर्रास चालतं. तुमच्यासारखं घर बाजारात ३ लाख ३८ हजारांच्या आसपास जाईल असं धरू. त्यातून एजंटची फी जाईल. सव्वा टक्का आणि त्यावर २० टक्के व्हॅट धरला तर दीड टक्का, म्हणजे पाचेक हजार. हातात उरले ३ लाख ३३ हजार. बिल्डर देतोय ३ लाख २२ हजार. फरक अकरा हजारांचा. चेन नाही, घर बघायला येणाऱ्यांची वर्दळ नाही, ऐन वेळी खरेदीदार पळण्याची धास्ती नाही. या निश्चिंतीसाठी कंपनी तुमच्याकडून आज अकरा हजार मागतेय. तुमचे यजमान या निश्चिंतीला किंमत आहे म्हणतात ते बरोबरच आहे. सर्व्हे (घराची तपासणी), सॉलिसिटर (वकील) आणि मॉर्गेज (गृहकर्ज) यांच्या फीचे पैसे एकदा पाण्यात गेलेल्या माणसाला ती कळते. पण अकरा हजार जास्त आहेत. चार-पाच हजारांपर्यंत मी समजू शकते.

आणि हे झालं फक्त जुन्या घराचं. खरी गळती बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असते. जुन्या घराला किती मिळतात याच्या काळजीत माणूस नव्या घराची छापील किंमत मुकाट मान्य करतो. पार्ट-एक्स्चेंज न घेणारा, विकायला घरच नसलेला खरेदीदार त्याच साइटवर दहा-पंधरा हजार कमी करून घेत असेल, तर तुमची निश्चिंती अकराची न राहता वीस-पंचवीस हजारांना पडली. म्हणून कुठेही सही करायच्या आधी सेल्स ऑफिसला हा प्रश्न लेखी विचारा: ‘आम्ही पार्ट-एक्स्चेंज घेतलं नाही, तर याच प्लॉटची, म्हणजे या घराची, तुमची कमीत कमी किंमत काय?’ पाठोपाठ दुसरा: ‘आमचं घर आम्हीच बाजारात विकलं आणि एजंटची फी तुम्ही भरलीत, तर काय द्याल?’ या दुसऱ्या योजनेला बहुतेक कंपन्या असिस्टेड मूव्ह किंवा तशाच काही नावाने ओळखतात. त्यात घर बाजारभावाने विकलं जातं, फी बिल्डर भरतो आणि प्लॉट काही आठवडे तुमच्यासाठी राखून ठेवतो. ही दोन उत्तरं आणि आजची ऑफर शेजारी शेजारी ठेवलीत की पार्ट-एक्स्चेंजची खरी किंमत आपोआप दिसेल.

बिल्डर कमी का देतो, हेही नीट समजून घ्या, म्हणजे बोलताना कुठे रेटायचं ते कळेल. तुमचं घर त्याला ठेवायचं नाही, लगेच विकायचं आहे. त्याने बोलावलेल्या दोन-तीन स्थानिक एजंटना ‘सगळ्यात चांगला भाव किती’ असं विचारलेलं नसतं. ‘सहा-आठ आठवड्यांत हमखास विकलं जाईल असा भाव किती’ असं विचारलेलं असतं. त्यातून फी, रिकाम्या घराचा खर्च, अडकलेल्या पैशांवरचं व्याज आणि भाव पडण्याची जोखीम तो वजा करतो. हे सगळं रास्त आहे. पण ‘आम्हालाही तुमच्या घरावर स्टँप ड्युटी भरावी लागते’ असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. तुम्ही गेल्या दोन वर्षांत त्या घरात मुख्य घर म्हणून राहिलेल्या असाल आणि नव्या घरातही तसंच राहणार असाल, तर पार्ट-एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या घरावर घरबांधणी कंपनीला कायद्याने सवलत आहे.

वॅल्युएशन उचलायला पुरावा लागतो, आणि तो फुकट मिळतो. लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तुमच्या रस्त्यावरची घरं केव्हा, कितीला विकली गेली ते दिसतं. ईपीसीच्या (घराच्या ऊर्जा-वापराच्या प्रमाणपत्राच्या) सरकारी नोंदीत प्रत्येक घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. दोन्ही जुळवून दर चौरस मीटरला किती पडले ते काढा. गेल्या वर्षभरातली तीन घरं पुरेत. बॉयलर बदलला असेल, मागे खोली वाढवली असेल, तर त्याचे कागद जोडा. बिल्डरच्या एजंटांनी काय लिहून दिलं ते मागा. देतीलच असं नाही, पण मागा. आणि ‘या विक्री बघता आणखी एक वॅल्युएशन करून घ्याल का?’ असं विचारा. हीच जुळवाजुळव नव्या वसाहतीचीही करा. आधीच्या फेजमधली घरं कितीला गेली ते लँड रजिस्ट्रीत काही महिन्यांनी दिसू लागतं. फक्त तिथे दिसणारी किंमत सवलती धरून असेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

कोणाशी बोलायचं? साइटवरच्या सेल्स ऑफिसातली बाई शत्रू नाही, पण निर्णयही तिच्या हातात नाही. पार्ट-एक्स्चेंजचा आकडा विभागीय कार्यालयातून येतो. तुमचं काम, वर पाठवता येईल असा मजकूर तिच्या हाती देणं. म्हणून शनिवारच्या गर्दीत तोंडी बोलण्यापेक्षा मंगळवारी ईमेल बरा. वर्षाचा काळही बघा. कंपनीला घराचा पैसा हिशेबात धरायचा तर चाव्या त्या वर्षात द्याव्या लागतात, त्यामुळे वर्षअखेरीपूर्वी पूर्ण होऊ शकणाऱ्या घरावर तिचा हात सैल सुटतो. मोठ्या बिल्डरांपैकी बॅरट रेड्रोचं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं, बेलवेचं जुलैअखेर, टेलर विम्पी आणि पर्सिमन यांचं डिसेंबरअखेर. सहामाहीलाही थोडीफार तीच घाई असते. तुमचं घर बांधून तयार असेल आणि महिना-दोन महिने रिकामं उभं असेल, तर तुमची बाजू आणखी भक्कम.

पूर्वेच्या दाराबद्दल एक विनंती. सासूबाईंच्या इच्छेचा मान जरूर राखा, पण ती इच्छा सेल्स ऑफिसात सांगू नका. ‘आम्हाला हाच प्लॉट हवा’ हे एकदा कळलं की समोरच्याला उतरायचं कारण उरत नाही. आधीच सांगून झालं असेल तर याच किंवा दुसऱ्या कंपनीच्या साइटवर पूर्वेकडे तोंड असलेली आणखी दोन घरं बघून या आणि त्यांची किंमत लेखी घ्या. ईमेलमध्ये तिचा साधा उल्लेख करा. खोटी स्पर्धा मात्र उभी करू नका. ती ओळखू येते.

आता आकडे. पहिली मागणी १ लाख ४२ हजारांची करा. तुम्हाला गाठायचा आकडा १ लाख ५० हजार. जास्तीत जास्त १ लाख ५३ हजार, त्यावर नाही. ईमेल असा: ‘घर आम्हाला आवडलं आहे, मॉर्गेजची तत्त्वतः मंजुरी हातात आहे, तुम्हाला सोयीच्या तारखेला पूर्ण करू. सोबतच्या तीन विक्री पाहता आमच्या घराचं मूल्य वाढायला हवं. जुन्या आणि नव्या घरातला फरक १ लाख ४२ हजार होत असेल तर आम्ही या आठवड्यात रिझर्व्ह करतो.’ दोन किमतींपैकी कुठली हलवायची ते त्यांना ठरवू द्या. कंपनीला छापील किंमत उतरवायला आवडत नाही, कारण तो आकडा नोंदला जातो आणि शेजारच्या प्लॉटचा खरेदीदारही तोच मागतो. जुन्या घराचा भाव वाढवणं तिला सोपं जातं. पण तिथेही मर्यादा असते: जुनं घर नव्याच्या साधारण ७० टक्क्यांच्या आत बसावं लागतं, प्रत्येक कंपनीचा नियम थोडा वेगळा. तुमच्या बाबतीत ७० टक्के म्हणजे ३ लाख ३९ हजार ५००, तेव्हा जागा आहे. जुनं ३ लाख ३२ हजार आणि नवं ४ लाख ८२ हजार झालं, की झाले दीड लाख.

दोन्ही बाजू तुमच्यासाठी अगदी सारख्या मात्र नाहीत. स्टँप ड्युटी वरच्या रकमेवर लागते असा समज आपल्या लोकांत फार आहे. तसं नाही. ती नव्या घराच्या पूर्ण किमतीवर लागते. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये पहिल्या १ लाख २५ हजारांवर काही नाही, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत २ टक्के आणि तिथून ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के. म्हणजे ४ लाख ८५ हजारांवर १४,२५० पौंड. नव्या घराची किंमत दर हजाराने उतरली की तुमचे आणखी ५० वाचतात. जुन्याचा भाव वाढला तर ते वाचत नाहीत. त्याच हिशेबाने ‘ड्युटीसाठी ५ हजार’ घेण्यापेक्षा किंमत ५ हजारांनी कमी करून घेतलेली कागदावर बरी. पण चाव्या घ्यायच्या दिवशी रोख रकमेची ओढाताण असेल तर ते ५ हजारच घ्या. किंमत उतरून होणारी बचत बहुतेक मॉर्गेजमध्ये जिरते, हातात येत नाही.

फ्लोअरिंग, हिरवळ, फ्रिज आणि डिशवॉशर या गोष्टी शेवटी मागा, आणि मागाच. कंपनीला त्या ठोक भावात पडतात, त्यामुळे पैशांना नकार देणारा माणूसही इथे होकार देतो. त्यांची किंमत मात्र कंपनीच्या यादीवरून धरू नका. बाहेरचा कारागीर तेच काम कितीत करेल, तेवढीच धरा. आणि सगळ्या सवलती बिल्डरला ठरावीक फॉर्मवर तुमच्या मॉर्गेज देणाऱ्याला कळवाव्या लागतात. एकूण सवलती किमतीच्या ५ टक्क्यांवर गेल्या तर अनेक बँका जादाचा भाग घराच्या मूल्यातून वजा करून कर्ज मोजतात. म्हणून मॉर्गेज ब्रोकरला सगळं आधी सांगा.

रविवारची मुदत सोडून द्या. कंपनी न्यू होम्स क्वालिटी कोड या नव्या घरांच्या बिल्डरांसाठीच्या आचारसंहितेत नोंदलेली आहे का ते कोडच्या संकेतस्थळावर बघा. नोंदलेली असेल तर ग्राहकावर असा दबाव टाकायला तिला मनाई आहे, आणि रिझर्व्हेशननंतर १४ दिवसांत मागे फिरलात तर रिझर्व्हेशन फी पूर्ण परत मिळते. २०२२ पासून तक्रारीसाठी न्यू होम्स ओम्बड्समनही आहे. शनिवारी एक ओळ पाठवा: ‘आमचा प्रस्ताव मंगळवारी येईल, तोवर प्लॉट राखावा ही विनंती.’ गरजू बिल्डर मंगळवारपर्यंत थांबतो.

कोथरूडच्या फ्लॅटबद्दल तुमच्या मित्राने अर्धं बरोबर सांगितलं. जगात कुठेही दुसरं घर असेल तर ते मोजलं जातं, आणि ऑक्टोबर २०२४ अखेरपासून ही जादा ड्युटी ५ टक्के आहे. पण तुम्ही राहतं मुख्य घर देऊन त्याच्या जागी दुसरं मुख्य घर घेताय. अशा वेळी ती लागत नाही, फ्लॅट असला तरी. पार्ट-एक्स्चेंजमध्ये दोन्ही व्यवहार सहसा एकाच दिवशी होतात, त्यामुळे तुम्हाला धोका नाही. नवं आधी घेऊन जुनं मागाहून विकलं असतं, तर आधी भरावी लागली असती आणि तीन वर्षांत विकल्यावर परत मागता आली असती. सॉलिसिटरला फ्लॅटबद्दल पहिल्याच भेटीत सांगा. लपवायचं काहीच नाही.

सॉलिसिटर तुमचा तुम्ही निवडा. बिल्डर एखादं नाव सुचवेल, ते घ्यायची सक्ती नाही. रिझर्व्हेशनच्या कागदावर जुन्या घराचा आकडा, तो कोणत्या तारखेपर्यंत पक्का, आणि सर्व्हेनंतर तो कमी करता येईल का, हे स्पष्ट लिहून घ्या. ठरलेला भाव सर्व्हेच्या निमित्ताने ऐन वेळी खाली आणणं, ही पार्ट-एक्स्चेंजमधली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे, कारण तोवर तुम्ही पडद्यांची मापं घेऊन बसलेल्या असता. सध्याच्या मॉर्गेजवर मुदतपूर्व फेडीचा दंड आहे का, ते कर्ज नव्या घरावर नेता येतं का, हेही बघा. एक टक्का दंडसुद्धा तुम्ही मिळवलेल्या हजारांतला मोठा घास घेईल. वसाहतीतले रस्ते आणि बागा काउन्सिल ताब्यात घेणार की दरवर्षी देखभालीचं बिल येणार, तेही विचारा. घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट तुमच्या मालकीचं, असलं तरी ते बिल येऊ शकतं.

राहिला तुमच्या दोघांमधला प्रश्न. त्याचा निकाल मुलीच्या शाळेवर लावा. सेकंडरीचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा असतो, आणि नवा पत्ता धरायचा तर अनेक काउन्सिल कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज झाल्याचा, म्हणजे खरेदीचा करार बंधनकारक झाल्याचा, पुरावा मागतात. तुमच्या काउन्सिलचा नियम सोमवारी फोन करून विचारा. नव्या पत्त्यावरचीच शाळा हवी असेल आणि ऑक्टोबरला फार दिवस उरले नसतील, तर नवऱ्याचं ऐका आणि १ लाख ५३ हजारांच्या आत जिथे थांबेल तिथे पार्ट-एक्स्चेंज घ्या. मुलगी सध्याच्या पत्त्यावरच्या शाळेत गेली तरी चालणार असेल, किंवा हातात चार-पाच महिने असतील, तर असिस्टेड मूव्ह मागा आणि घर ३ लाख ४३ हजारांना बाजारात लावा. सेमी-डिटॅच्ड, तीन बेडरूम, मिल्टन कीन्स: अशा घराला गिऱ्हाईक मिळतं. आणि कंपनी दोन्हीला नाही म्हणाली, १ लाख ६३ वरून हललीच नाही, तर आभार मानून निघून या. दोन-तीन आठवड्यांनी सेल्स ऑफिसचा फोन आला तर मागचाच ईमेल पुन्हा पाठवा, आकडा न बदलता.